लेसिकनंतरचे कोरडे डोळे: पहिल्या दिवसापासून वर्षभर काय करायचं

लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया झाली. चष्मा गेला, नजर स्वच्छ झाली, पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. दुपारनंतर स्क्रीनवरची अक्षरं धूसर होतात, पापण्या मिटल्या-उघडल्या की क्षणभर स्पष्ट दिसतात आणि पुन्हा धूसर होतात. सकाळी उठताना वरची पापणी आतून चिकटल्यासारखी वाटते. मग मनात शंका येते, की ऑपरेशन बिघडलं तर नाही ना?

माझ्याही मनात ती आली होती. बहुतेकांच्या बाबतीत काही बिघडलेलं नसतं. लेसर शस्त्रक्रियेनंतरचा कोरडेपणा ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने लेसिक करून घेतलेल्यांचा अभ्यास केला होता. आधी कोरडेपणाची काहीही तक्रार नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर ती लक्षणं असल्याचं त्यात सांगितलं. यातल्या बहुतेकांचे डोळे सहा महिने ते वर्षभरात सावरतात. पण आपोआप सावरतील म्हणून स्वस्थ बसू नये. या काळात कॉर्नियाची नीट काळजी घेतली, तर त्रास बराच कमी होतो आणि नजरही लवकर स्थिरावते.

खाली जे लिहिलंय ते लेसिक झालेल्यांसाठी आहे. पीआरके किंवा स्माइल या लेसरच्या दुसऱ्या पद्धतींनी ऑपरेशन झालं असेल तरी बरंचसं लागू पडेल. तुमच्या सर्जनने वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका; तुमचा डोळा त्यांनी पाहिलाय.

डोळा कोरडा का पडतो

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, पण त्यात संवेदनांच्या नसा खच्चून भरलेल्या असतात. पृष्ठभाग जरा सुकला, की या नसा मेंदूला कळवतात. मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडायला सांगतो आणि पापण्यांना मिटायला. दिवसभर हे आपल्या नकळत चालू असतं.

लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ थर झाकणासारखा कापून बाजूला उलटतात, त्याला फ्लॅप म्हणतात. खाली लेसर मारून आकार बदलतात आणि फ्लॅप परत बसवतात. फ्लॅप कापताना त्यातल्या नसाही कापल्या जातात. त्यामुळे तीन गोष्टी एकदम घडतात. पाणी कमी सुटतं, पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळा किती सुकलाय हे तुम्हाला पुरेसं कळत नाही.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी समजावून सांगत नाही. डोळा सुकल्याची सूचना देणारी यंत्रणाच काही महिने अर्धवट बंद असते. म्हणून "खुपलं की थेंब घालू" हा हिशेब या काळात चालत नाही. थेंब घड्याळाप्रमाणे घालायचे, पापण्या आठवणीने मिटायच्या आणि तक्रार नसली तरी तपासणीला जायचं. पुढचं सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे.

स्माइलमध्ये फ्लॅप नसतो, छोट्या चिरेतून आतली चकती काढतात. त्यामुळे कमी नसा कापल्या जातात आणि कोरडेपणाही सहसा कमी राहतो. पीआरकेमध्ये वरची त्वचा खरवडून काढतात. तिथे पहिले काही दिवस दुखणं जास्त असतं, पण फ्लॅप सरकण्याची भीती नसते. ज्यांचा नंबर मोठा होता, जे वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते, किंवा ज्यांचे डोळे आधीच थोडे कोरडे होते, त्यांनी जास्त काळाची तयारी ठेवावी. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

पहिला आठवडा

या आठवड्यात कोरडेपणापेक्षा फ्लॅप जपणं मोठं काम आहे. डोळा चोळायचा नाही, झोपेतही नाही. त्यासाठीच झोपताना लावायला प्लास्टिकची ढाल देतात. ती लावायला कंटाळू नका. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. केस धुवायचे झाले तर मान मागे टाकून दुसऱ्या कुणाकडून धुवून घ्यावेत. तोंड धुण्याऐवजी ओल्या रुमालाने गाल-कपाळ पुसलं तरी चालतं. काजळ, आयलायनर, मस्कारा बंद. पोहणं महिनाभर विसरा.

डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांमध्ये साधारणपणे एक अँटिबायोटिक, एक स्टेरॉइड आणि एक ओलावा देणारं वंगण असतं. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. पातळ थेंब आधी, घट्ट जेल शेवटी. स्टेरॉइड ठरल्याप्रमाणे हळूहळू कमी करत बंद करतात. ते मनाने लवकर थांबवू नका, आणि "बरं वाटतं" म्हणून पुढे चालूही ठेवू नका.

पुढचं काहीही झालं, तर ते कोरडेपणाचं समजून घरी बसू नका. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, नजर अचानक घसरलीय, उजेड अजिबात सहन होत नाही, डोळा लालभडक होतोय, पू किंवा चिकट घाण येतेय, किंवा डोळ्याला काही लागलंय. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग, फ्लॅपखालची सूज आणि सरकलेला फ्लॅप यांत एकेक तास मोलाचा असतो. फ्लॅपला मार लागण्याचा धोका पुढे वर्षानुवर्षं पूर्ण जात नाही. कबड्डी, बॉक्सिंग, कुस्ती खेळणाऱ्यांनी याबद्दल सर्जनशी मोकळेपणाने बोलावं.

थेंब: कोणते, किती, कसे

दुकानात मिळणारे "आर्टिफिशियल टियर्स" सगळे सारखे नसतात. खोक्यावर पहिल्यांदा एकच नाव शोधा: बेन्झाल्कोनियम क्लोराइड. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेला हा परिरक्षक आहे. दिवसातून एक-दोनदा घालायच्या औषधात तो बहुतेकांना चालून जातो. पण नुकत्याच कापलेल्या कॉर्नियावर दिवसातून सहा-आठ वेळा तो पडत राहिला, तर पृष्ठभागाच्या पेशींना इजा करतो आणि कोरडेपणा उलट वाढवतो. चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर परिरक्षक नसलेलेच घ्या. ते एकदा वापरून फेकायच्या चिमुकल्या नळ्यांत मिळतात, किंवा आत खास झडप असलेल्या बाटलीत. महाग पडतात हे खरं. तरी पहिल्या तीन महिन्यांत पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

आतलं द्रव्यही वेगवेगळं असतं. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के हे पातळ आणि दिवसा सोयीचं. एक टक्क्याचं जरा दाट, जास्त टिकणारं, पण घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. सोडियम हायलुरोनेट ओलावा धरून ठेवतं, अनेकांना ते जास्त मानवतं. तेलाचा अंश असलेले थेंब पाणी लवकर उडून जाणाऱ्यांसाठी. रात्रीसाठी घट्ट जेल किंवा मलम, कारण झोपेत अश्रू जवळजवळ बनतच नाहीत आणि सकाळची चिकट पापणी त्यामुळेच असते.

किती वेळा? बरेच डॉक्टर पहिले काही आठवडे दिवसातून चार ते आठ वेळा सांगतात. अलार्म लावण्यापेक्षा मला दिवसाच्या ठरलेल्या कामांना थेंब बांधणं सोपं गेलं. उठल्यावर, नाश्त्यानंतर, ऑफिसात खुर्चीवर बसल्यावर, जेवणानंतर, दुपारच्या चहाला, घरी परतल्यावर, आणि झोपताना जेल. गाडी चालवण्याआधी, सिनेमाला बसण्याआधी, लांब मीटिंगआधी एक जादा. त्रास सुरू झाल्यावर घातलेला थेंब तेवढ्यापुरता आराम देतो. आधीच घातलेला थेंब पृष्ठभाग सुकूच देत नाही, आणि न सुकलेल्या पृष्ठभागाखाली कापलेल्या नसा जास्त निवांतपणे पुन्हा वाढतात.

आता घालायची पद्धत. हात साबणाने धुऊन कोरडे करा. नळीचं टोक ओढून तोडू नका, मुरगळून काढा, आणि पहिला थेंब टिश्यूवर सोडून द्या. तुटलेल्या प्लास्टिकचा कण असेल तर तो त्यातून जातो. मान मागे टाका. एका बोटाने खालची पापणी गालाकडे हलकेच ओढा, की आत छोटी खोबण तयार होते. नजर छताकडे न्या आणि त्या खोबणीत एक थेंब सोडा. टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटा आणि मिनिटभर मिटलेला ठेवा. आवळून मिटलात तर औषध बाहेर पिळलं जातं. एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात त्या एका थेंबालाही पूर्ण जागा नसते. दुसरा सरळ गालावर ओघळतो. थेंब पडला की नाही हेच कळत नसेल, तर नळी फ्रीजच्या दारात ठेवा. गार थेंब लगेच जाणवतो.

उघडलेली एकवेळची नळी रात्रीसाठी जपून ठेवू नका. नेहमीच्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा आणि महिन्याने टाकून द्या.

डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, मग ते कोरडे कसे, असं खूप जण विचारतात. पृष्ठभाग सुकून चिडला की अश्रुग्रंथी एकदम भसकन पाणी सोडते. त्या पाण्यात तेल नसतं आणि चिकटून राहायचा गुणही नसतो. ते वाहून जातं, डोळा परत कोरडा. म्हणून पाणी येतंय म्हणून थेंब बंद करू नका.

काय घालू नये

गुलाबजल, मध, एरंडेल, तूप, कोथिंबिरीचा रस, आईचं दूध: हे सगळं सुचवणारं प्रेमाचं माणूस प्रत्येक घरात असतं. त्यांचं मन दुखवू नका, पण डोळ्यात यातलं काहीही जाऊ देऊ नका. निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट ताज्या कापावर घातली, तर जंतुसंसर्ग होऊन कॉर्नियावर कायमचा डाग पडू शकतो.

डोळ्यांचा लालपणा घालवणारे थेंबही टाळा. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करतात, परिणाम ओसरला की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. आणि औषधाच्या दुकानात "डोळे चुरचुरतात" म्हटल्यावर काउंटरवरून जो थेंब हातात दिला जातो, त्यात स्टेरॉइड आहे का ते विचारा. स्टेरॉइडने दोन दिवसांत छान वाटतं. पण देखरेखीशिवाय महिनोन्महिने घातलं, तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

पापण्या: अर्धं दुखणं इथेच असतं

अश्रूंच्या वर तेलाचा अतिशय पातळ थर असतो, तो पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची तोंडं बंद झाली किंवा आतलं तेल घट्ट झालं, तर कितीही थेंब घाला, दहा मिनिटांत डोळा पुन्हा कोरडा. स्क्रीनसमोर काम करणाऱ्या कितीतरी लोकांच्या या ग्रंथी लेसर करायच्या आधीपासूनच सुस्तावलेल्या असतात.

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की तेल वाहतं होतं, तसंच हे आहे. म्हणून शेक द्यायचा. पण कधीपासून, ते सर्जनला विचारूनच. लेसिकनंतर साधारण काही आठवडे थांबायला सांगतात, कारण शेक देताना डोळ्यावर दाब येतो.

परवानगी मिळाल्यावर असं करा. झाकणाच्या डब्यात गरम पाणी घ्या आणि त्यात दोन-तीन सुती रुमाल घड्या करून ठेवा. एक पिळून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सुखद गरम लागला पाहिजे, चटका बसता कामा नये. मिटलेल्या डोळ्यांवर तो नुसता ठेवा, दाबू नका. रुमाल मिनिट-दोन मिनिटांत थंड होतो, म्हणून लगेच दुसरा. एकूण आठ-दहा मिनिटं. एकच रुमाल ठेवून आडवं पडलं तर तेल वितळण्याइतकी ऊब पोचतच नाही. तव्यावर तापवलेली तांदळाची पुरचुंडी वापरू नका, तिचं तापमान कळत नाही आणि पापणीची त्वचा फार नाजूक असते.

शेकानंतर लगेच बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापणीच्या केसांच्या दिशेने हलकेच चोळा. बुबुळावर जोर नको. नंतर थोडा वेळ धूसर दिसेल, सुटलेलं तेल पसरल्याची ती खूण आहे. रोज एकदा, निदान दोन-तीन महिने. पापणीच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील, तर पापण्या पुसण्यासाठी मिळणाऱ्या पट्ट्यांनी त्या साफ ठेवा आणि डोक्यातल्या कोंड्यावरही उपाय करा.

आता मिटण्याविषयी. एरवी आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना तेच पाच-सातवर येतं. त्यातही बऱ्याच वेळा पापणी अर्ध्यातूनच परत जाते आणि बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहतो. तुमचं असं होतंय का हे बघायला सोपा मार्ग आहे. तुम्ही लॅपटॉपवर काम करत असताना घरातल्या कुणाला बाजूने मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. मग वरची पापणी खालच्या पापणीला टेकते की नाही ते पाहा. टेकत नसेल तर सराव हवा: डोळे अलगद मिटा, मनात "एक, दोन" म्हणा, उघडा. असं दहा वेळा, दर तासाला. चोळायचं नाही, आवळायचं नाही.

दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचा नियम बहुतेकांना माहीत असतो. त्या २० सेकंदांत पापण्या पूर्ण मिटायचं मात्र कुणी लक्षात ठेवत नाही. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो.

वारा, एसी, धूळ, धूर

दुचाकी चालवणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा शत्रू वारा. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घ्या आणि काच खाली ठेवा, उकडलं तरी. बाजूने बंद असलेला गॉगल दिवसा, तसाच पारदर्शक चष्मा संध्याकाळी. चष्मा घालवण्यासाठीच एवढं केलं आणि पुन्हा चष्मा, हे मनाला लागतं. मलाही लागलं होतं. पण तो काही महिन्यांपुरताच असतो. एसटीत आणि लोकलमध्ये खिडकीची किंवा दाराची हवा खात बसू नका.

छताचा पंखा थेट तोंडावर येत असेल तर पलंगाची दिशा बदला किंवा उशी दुसऱ्या टोकाला घ्या. काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, त्यांना रात्रभरच्या पंख्याने सकाळी जास्त त्रास होतो. घरच्यांना एकदा बघायला सांगा. गाडीतल्या एसीची जाळी छातीकडे किंवा पायाकडे वळवा.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते, की थेंबांची संख्या वाढवावीच लागते. कूलरची ओली हवा खोलीत असू द्या, पण तिचा झोत तोंडावर नको. कोकण-गोव्यात बाहेर बरं वाटतं आणि एसीत शिरलं की चुरचुर सुरू होते. थंड देशांत राहणाऱ्यांना हिवाळ्यातला हीटर हेच करतो. तिथे खोलीत ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. विमानात आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. चढल्यावर एक थेंब, मग तासा-दोन तासांनी एकेक.

मिरचीची फोडणी, धूप, डास पळवणाऱ्या कॉइलचा धूर यांच्यापासून दूर राहा. लेसरची तारीख ठरवतानाच रंगपंचमी आणि विसर्जन मिरवणूक पुढच्या दोन महिन्यांत येत नाही ना, ते बघा. गुलाल डोळ्यात गेला की हात आपोआप चोळायला जातो.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा बराच बोलबाला आहे, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रीम नावाच्या मोठ्या अभ्यासात वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणारे आणि ऑलिव्ह तेल घेणारे यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. जवसाची चटणी आवडत असेल तर जरूर खा, पण तिच्या भरवशावर थेंब सोडू नका. उलट चालू असलेल्या गोळ्यांकडे लक्ष द्या. सर्दी-ॲलर्जीवरची सेट्रिझिन, मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, नैराश्यावरची काही औषधं डोळे कोरडे करतात. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

तपासणीत काय मोजून घ्यायचं

संवेदना मंद असते तेव्हा "मला काही त्रास नाही" याला पुरावा मानता येत नाही. तक्रार काहीच नाही आणि कॉर्नियावर मात्र बारीक ओरखड्यांसारखे ठिपके, असं पहिल्या महिन्यांत होतं. म्हणून ठरलेली एकही भेट चुकवू नका आणि या गोष्टी तपासल्या का ते विचारा.

शर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजली ते पाहतात. पाचपेक्षा कमी म्हणजे पाणीच फार कमी बनतंय. दुसऱ्या चाचणीत पिवळा-केशरी रंग घालून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहापेक्षा कमी असेल तर थर टिकत नाही, बहुधा तेल कमी पडतंय. त्याच रंगाने कॉर्नियावरचे सुकलेले ठिपकेही दिसतात. पापण्या दाबून तेल कसं येतं ते पाहतात, आणि जमेल तिथे ग्रंथींचा फोटोही काढतात.

पाणी कमी आहे की तेल, यावर पुढचा उपचार ठरतो. दोघांनाही एकच थेंब देऊन भागत नाही. आकडे वहीत लिहून ठेवा. ऑपरेशनआधीचे आकडे मागून घ्या. तुलना करायला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. तोंडही कोरडं पडतं, सांधे दुखतात, असं असेल तर तेही सांगा. स्योग्रेन (अश्रू आणि लाळेच्या ग्रंथी सुकवणारा आजार) किंवा संधिवातासारखा आजार मागे लपलेला असू शकतो.

तीन महिन्यांनीही फरक नसेल तर

इथून पुढे शक्यतो कॉर्नियाचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांकडे जा. नुसते थेंब बदलत बसण्यात वेळ जातो.

पृष्ठभागाला सूज असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ०.०५ टक्क्याच्या थेंबांना अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी २००२ मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडेही ते मिळतात. सुरुवातीला ते जळजळतात आणि परिणाम दिसायला तीनेक महिने लागतात. हे आधी कुणी सांगितलं नाही, तर माणूस दोन आठवड्यांत सोडून देतो. त्या मधल्या काळासाठी डॉक्टर कधी थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड जोडतात, डोळ्याचा दाब तपासत.

पाणीच कमी असेल तर प्लगचा पर्याय आहे. प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, तिथून अश्रू नाकात उतरतात. त्यात तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान बूच बसवलं की आहे तेवढं पाणी डोळ्यात टिकतं. बसवायला काही मिनिटं लागतात. आधी विरघळणारे प्लग घालून बघतात, मग सिलिकॉनचे. ते नको वाटले तर काढता येतात. सूज असताना प्लग घालू नयेत, खराब अश्रू डोळ्यातच साठून राहतात.

त्याही पुढे स्वतःच्या रक्तापासून बनवलेले सीरमचे थेंब आहेत. रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात आणि सहसा २० टक्क्यांपर्यंत पातळ करून देतात. पेशींना आणि नसांना वाढायला लागणारे घटक त्यात असतात, म्हणूनच लेसरनंतरच्या हट्टी कोरडेपणात त्यांना महत्त्व आहे. ते फ्रीजमध्येच ठेवावे लागतात आणि मुदत काटेकोर पाळावी लागते. अगदी तीव्र त्रासात स्क्लेरल लेन्स वापरतात. ही मोठी लेन्स कॉर्नियाला न टेकता त्यावर द्रवाचा साठा धरून ठेवते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेसारख्या ठिकाणी अशा लेन्स बसवतात.

डोळा ओला, तरीही वेदना

थोड्या लोकांत वेगळंच घडतं. शर्मर ठीक, ठिपके नाहीत, डॉक्टर म्हणतात "डोळे उत्तम आहेत", आणि आत मात्र जळतंय, उजेड टोचतोय, पंख्याचा वाराही सहन होत नाही. कापलेल्या नसा जुळताना चुकीचे संदेश पाठवायला लागतात, त्याला न्यूरोपॅथिक वेदना म्हणतात. हे मनाचे खेळ नाहीत, आणि घरच्यांनीही तसं म्हणू नये. अशा वेळी दवाखान्यात भूल देणारा एक थेंब घालून बघतात. त्याने वेदना थांबली तर मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर, नाही थांबली तर नसांच्या आणखी आतल्या साखळीत. त्यानुसार सीरमचे थेंब, किंवा नसांच्या दुखण्यावरची गॅबापेन्टिन किंवा नॉरट्रिप्टिलिनसारखी औषधं दिली जातात. हे निदान उशिरा झालं तर उपचार कठीण होतात, म्हणून एका ठिकाणी ऐकून घेतलं नाही तर दुसरीकडे जा. भूल देणारा तो थेंब मात्र कधीही घरी आणू नका. वारंवार वापरला तर कॉर्निया विरघळू लागतो.

पुन्हा लेसर करायचा विचार, आणि थेंब कमी करणं

काही महिन्यांनी नजर अधूनमधून धूसर राहिली, की "थोडा नंबर उरलाय, परत लेसर मारू" असा प्रस्ताव येतो. कोरड्या पृष्ठभागावर नंबरही चुकीचा निघतो आणि कॉर्नियाचा नकाशाही. आधी महिना-दीड महिना थेंब आणि शेक काटेकोर करा, मग दोन वेगवेगळ्या दिवशी नंबर काढून घ्या. पापणी मिटल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर तो बहुधा अश्रूंचा प्रश्न आहे. आणि दुसरा लेसर म्हणजे नसांना पुन्हा धक्का.

सगळं सुरळीत चाललं, तर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान थेंब कमी करता येतात. एकदम बंद करू नका. आधी तपासणीत ठिपके नाहीत याची खात्री करून घ्या, मग दिवसातला एक थेंब कमी करा आणि दोन आठवडे तसंच राहू द्या. संध्याकाळची धूसरता परत आली नाही, तर पुढचा कमी करा. ऑफिसातला दुपारचा थेंब आणि रात्रीचा जेल सगळ्यात शेवटी सोडा. उन्हाळा सुरू होताना, लांबच्या प्रवासाआधी किंवा कामाचा ताण वाढला असताना कमी करायचं थांबवा, आहे तेवढेच चालू ठेवा.